वांगावर मीडियम पील: लग्न तीन आठवड्यांवर असताना करावं का?

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून थोडक्यात पुन्हा मांडते. वय ३४, देवगडजवळ राहता, शाळेत शिकवता, रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन २८ किलोमीटर. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आलं आहे आणि कॉलेजच्या वयातल्या मुरुमांचे खड्डेही आहेत. मुंबईतल्या एका क्लिनिकने ३५ टक्के टीसीए या ॲसिडचं मीडियम पील (ॲसिड लावून मध्यम खोलीपर्यंत कातडी सोलून काढणं) सुचवलं, ‘एकाच बैठकीत दोन्ही निघेल’ असं सांगितलं. धाकट्या भावाचं लग्न मेच्या मध्यावर आहे, म्हणजे तीन आठवड्यांवर. किती दुखतं, किती दिवस घरात बसावं लागेल, वांग कायमचं जाईल का, आणि जाऊबाई म्हणतात तशी कातडी पातळ होते का, हे तुम्ही विचारलं आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय की मेडिकलवाल्याने दिलेली एक ट्यूब अधूनमधून लावता. लावली की उजळतं, सोडली की चेहरा लाल होतो.

मी रत्नागिरीत १८ वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा. पण लग्नाचं आधीच सांगून टाकते: नको. लग्नाआधी हे पील अजिबात करू नका. का ते दिवसांच्या हिशेबाने खाली येईलच.

आणखी एक. तुमच्या प्रश्नात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिघांना मिळून एकच उपाय सुचवला गेलाय. वांग हा रंगाचा प्रश्न, खड्डे हा खोलीचा, आणि त्या ट्यूबमुळे कातडीचं काय झालंय हा तिसरा. मला सगळ्यात जास्त काळजी तिसऱ्याची वाटते.

पील म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावणं मला नेहमीच सोपं जातं. देठापासून आंबा तोडताना चीक उडतो आणि गालाला लागतो. आधी चरचरतं, दुसऱ्या दिवशी लाल होतं, मग ती जागा काळी पडते, चार-सहा दिवसांत पापुद्रा सुटतो आणि खालून नवी गुलाबी कातडी दिसते. चिकाच्या त्रासात ॲलर्जीचाही भाग असतो, पीलमध्ये तो नसतो. पण कातडी दोन्हीकडे तशीच वागते. पील म्हणजे मोजून, ठरवून, हव्या तेवढ्याच खोलीचं भाजणं. आता चिकाची पुढची गोष्टही तुम्हाला माहीत आहे. आंबा संपतो, पाऊस लागतो, आणि गालावरचा तो काळा डाग गणपतीपर्यंत तिथेच असतो. आपल्या कातडीवर पील करताना डॉक्टरला झोप लागू देत नाही ती गोष्ट हीच. जखम भरते, आपल्याकडे छानच भरते. मागे काय रंग राहील, हा खरा प्रश्न.

खोलीबद्दल. कातडीचा वरचा थर चेहऱ्यावर जेमतेम एक दशांश मिलिमीटरचा असतो. वरवरचं पील त्या थरातच थांबतं. मीडियम पील तो थर पूर्ण ओलांडून खालच्या जाड थराच्या वरच्या भागापर्यंत जातं. डीप पील त्याही खाली उतरतं. ते फिनॉलचं असतं, ते अंगात शोषलं जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, आणि आपल्या रंगाच्या कातडीसाठी ते नाहीच, म्हणून तो विषय इथेच सोडते. नवी कातडी येते ती खाली शाबूत राहिलेल्या केसांच्या मुळांतून आणि तेलग्रंथींतून. चेहऱ्यावर त्या दाट असतात, मानेवर फार विरळ. म्हणून चेहऱ्याचं मीडियम पील ‘मानेपर्यंत घेऊ’ असं कोणी म्हणालं तर पर्स उचला आणि निघा.

ही रसायनं नवी नाहीत. उन्ना नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १८८२ मध्येच सॅलिसिलिक ॲसिड, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि टीसीए यांचे कातडीवरचे परिणाम लिहून ठेवले होते. टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड. एके काळी मीडियम खोलीसाठी ते एकटंच ५० टक्के वापरत. त्याने व्रण राहायचे, म्हणून ते मागे पडलं. आता आधी जेसनर्स सोल्यूशन (सॅलिसिलिक ॲसिड, लॅक्टिक ॲसिड आणि रिसॉर्सिनॉल यांचं मिश्रण) किंवा ७० टक्के ग्लायकोलिक ॲसिड लावून वरचा थर सैल करतात आणि मग ३५ टक्के टीसीए लावतात, म्हणजे कमी ताकदीत तेवढीच खोली सारखी मिळते. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ३५ ग्रॅम स्फटिकांत पाणी घालून एकूण १०० मिली केलं तर एक ताकद, १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम टाकले तर वेगळी, आणि दोन्ही बाटल्यांवर लिहिलेलं असतं ३५. त्याशिवाय किती हात मारले, किती दाबून मारले, आधी चेहऱ्यावरचं तेल किती नीट पुसलं, यावर खोली ठरते. एकाच बाटलीतून वरवरचं पीलही होतं आणि व्रणही होतो.

प्रत्यक्ष दिवशी काय होतं ते सांगते, कारण ‘किती दुखतं’ याचं उत्तर त्यातच आहे.

चेहरा धुऊन झाला की स्पिरिट किंवा ॲसिटोनने तेल काढतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. नाकाच्या कडेला तेल राहिलं तर तिथे ॲसिड शिरत नाही आणि शेजारी जास्त शिरतं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांच्या कडा इथे व्हॅसलीन. मग कपाळापासून सुरुवात. पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच वाटत नाही, आणि बाई म्हणतात, ‘एवढंच?’ मग चढायला लागतं. हिरवी मिरची चिरलेला हात चुकून गालाला लागावा तसं, पण पूर्ण गालभर. दोन ते चार मिनिटं जोरात, नंतर आपोआप उतरतं. याच वेळात कातडी पांढरी होत जाते. तव्यावर अंड्याचा पारदर्शक भाग पांढरा होतो ना, तीच क्रिया, प्रथिनं गोठण्याची. याला फ्रॉस्ट म्हणतात आणि डॉक्टरचं सगळं लक्ष त्यावर असतं. विरळ पांढरे पट्टे म्हणजे वरवर. पांढऱ्यातून खालची लाली दिसते तोवर मीडियम. चुना फासल्यासारखा गच्च पांढरा झाला की खोल गेलं. आपल्या कातडीवर मी त्या शेवटच्या पायरीला जात नाही. लावल्यावर तीन-चार मिनिटं थांबून, फ्रॉस्ट पूर्ण उमटल्यावरच पुढचा हात मारायचा की नाही हे ठरवायचं. घाई करणारा हात इथेच चुकतो.

पंखा जोरात असतो, वरून थंड सलाइनच्या घड्या. त्याने आराम पडतो, टीसीए मात्र पाण्याने ‘उतरत’ नाही, एकदा शिरलं की शिरलं. ग्लायकोलिकचं तसं नाही, ते सोड्याच्या पाण्याने थांबवता येतं आणि वेळेवर थांबवावंच लागतं. आमच्या सिस्टर या वेळी एकच काम करतात: दोन्ही हातांत कापसाच्या काड्या धरून डोळ्यांच्या कोपऱ्यातलं पाणी टिपत राहणं. एक अश्रू गालावरून ओघळला तर तो ॲसिड घेऊन मानेपर्यंत रेघ ओढतो, किंवा उलटा डोळ्यात जातो. सगळं मिळून वीस मिनिटं. घरी जाताना पॅरासिटामॉलची गोळी पुरते.

आता दिवस मोजू. पांढरेपणा तासा-दोन तासांत जातो, मग दिवसभर समुद्रावर भाजून आल्यासारखा चेहरा. संध्याकाळी सूज यायला लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत जास्त. पापण्यांजवळ लावलं असेल तर डोळे नीट उघडतही नाहीत. त्या रात्री दोन उशा घेऊन झोपायचं. दुसऱ्या दिवशी आरसा बघू नका असं मी प्रत्येकीला सांगते आणि आजवर एकीनेही ऐकलेलं नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरते आणि चेहरा चिकूच्या सालीसारखा तपकिरी, ताठ होतो. हसलं तर ओढतं. चौथ्या दिवशी तोंडाभोवती साल सुटायला लागते, कारण तोंड सतत हलतं. मग गाल, आणि कपाळ व जबड्याची कड सर्वांत शेवटी. सातव्या ते दहाव्या दिवशी कात टाकून झालेली असते. खाली जी कातडी दिसते ती गुळगुळीत, तांबूस, आणि फार हळवी. हा तांबूसपणा तीन-चार आठवडे राहतो, काहींचा दोन महिनेही.

तुमच्या लग्नाचा हिशेब आता करा. आज पील केलं तर पहिले दहा दिवस गेले. उरलेल्या दहा-बारा दिवसांत तुम्ही तांबूस असाल, हळद लावता येणार नाही, मेच्या उन्हात मांडवात घाम गाळायचा नाही. आणि पील बिघडलं तर काळे डाग उमटायला लागतात ते नेमके तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. करवली म्हणून फोटोत उभं राहायची वेळ तीच.

हे डाग कोणाला पडतात? फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये कातडी उन्हात भाजते किती आणि काळवंडते किती यावरून प्रकार पाडले, पुढे ते सहा झाले. आपण कोकणातले बहुतेक लोक चौथ्या-पाचव्यात बसतो. गोरी घारी मंडळी तिसऱ्यात. जितकं वर जाऊ तितकी कातडी भाजण्याला रंग ओतून उत्तर देते. मीडियम पीलवरची परदेशातली सुंदर छायाचित्रं पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या चेहऱ्यांची असतात. तिथे या पीलचं मूळ काम आहे उन्हाने खराब झालेली कातडी, बारीक सुरकुत्या, उन्हाचे चट्टे, उथळ व्रण. ते काम ते उत्तम करतं. आपल्याकडे बायका येतात वांग घेऊन.

माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं होती. खानावळ चालवणाऱ्या एक बाई, गालावर उन्हाचे चट्टे, कातडी तब्येतीने चांगली. ऑक्टोबरमध्ये पील केलं. दहाव्या दिवशी इतक्या सुरेख दिसत होत्या की मीच खूश. सव्विसाव्या दिवशी त्या पदराने अर्धा चेहरा झाकून आल्या. दोन्ही गालांवर राखाडी-तपकिरी पट्टा. मी उन्हाचं सगळं बजावलं होतं, त्यांनी ते पाळलंही होतं. त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. सहाव्या दिवसापासून चुलीसमोर भाकऱ्या थापायला मात्र बसल्या होत्या, रोज शंभरेक. चुलीचं मी विचारलंच नव्हतं. तो रंग जायला आठ महिने लागले. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर वयानंतर प्रश्न असतो, स्वयंपाक कशावर करता. धग वांगालाही भडकवते आणि नव्या कातडीलाही.

म्हणून सरळ सांगते, पूर्ण चेहऱ्याचं मीडियम पील मी वर्षाकाठी अगदी थोडी करते. पुण्या-मुंबईतले काही सहकारी माझ्यापेक्षा जास्त करतात आणि त्यांचे निकाल चांगले आहेत. त्यांचे पेशंट एसी ऑफिसात बसतात आणि काही वाटलं तर दुपारी क्लिनिकला येऊ शकतात. तुम्ही स्कूटीवर, उन्हात, समुद्राच्या वाऱ्यात, आणि क्लिनिक आठ-नऊ तासांवर. सहाव्या दिवशी गालावर काही विचित्र दिसलं तर दाखवणार कोणाला? हा प्रश्न ॲसिडच्या टक्क्यांपेक्षा मोठा आहे. बहुतेकांना मी वरवरची पील सुचवते, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा: ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, तेलकट चेहऱ्याला सॅलिसिलिक. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस बारीक कोंडा सुटतो, शाळा बुडत नाही. फरक हळू दिसतो. बिघडलं तर थोडंच बिघडतं.

आता वांग. ते कायमचं जात नाही. कोणी जाईल म्हणालं तर त्याला वांग माहीत नाही. त्यात रंग बनवणाऱ्या पेशी चिडखोर झालेल्या असतात. ऊन, धग, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या यांनी त्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. वरच्या थरातला रंग पीलने निघतो, पण कारखाना चालूच राहतो. आणि जोरात भाजलं तर तोच कारखाना दुप्पट चालतो. बीपी जसा सांभाळतो तसं वांग सांभाळायचं: रोजचं सनस्क्रीन, ठरावीक महिन्यांपुरती रंग कमी करणारी क्रीमं, काहींना ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या (रक्ताच्या गाठीचा इतिहास विचारूनच), आणि जोडीला हलकी पील. मीडियम पील माझ्या यादीत वांगासाठी पहिलं नाही, दुसरंही नाही.

सनस्क्रीनचं थोडं जास्त बोलते, कारण इथेच बहुतेक पैसे वाया जातात. एसपीएफ ३० किंवा वर, यूव्हीए (उन्हातले कातडीत खोल शिरणारे किरण) अडवणारं, आणि वांगासाठी शक्यतो रंगीत, म्हणजे ज्यात आयर्न ऑक्साइड असतं असं, कारण साधा दिसणारा प्रकाशही वांग वाढवतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही भरून निघेल एवढं चेहरा-मानेला. वाटाण्याएवढ्याने काही होत नाही. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. स्कूटीवर घट्ट विणीचा सुती स्कार्फ बांधाच, पण शाळेत पोचल्यावर सनस्क्रीन पुन्हा लावा, कारण घामाने आणि कापडाने ते पुसलेलं असतं. किनाऱ्यावर वाळू आणि पाणी यांवरून उलटं येणारं ऊन टोपीखालूनही लागतं. आणि ‘आज ढग आहेत’ हे कारण चालत नाही, यूव्हीए ढगांतून बऱ्यापैकी खाली येतं.

खड्ड्यांचं वेगळं. सुईने टोचल्यासारखे अरुंद खोल खड्डे पूर्ण चेहऱ्याच्या पीलने भरत नाहीत. त्यांच्यासाठी टीसीएच वापरतात, पण वेगळ्या रीतीने: ६५ ते १०० टक्क्यांचा एक ठिपका टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या तळाला. याला क्रॉस म्हणतात, २००२ पासून हे नाव रूढ आहे. शेजारची कातडी शाबूत राहिल्याने आपल्या रंगालाही ते बरंच मानवतं, तरी डाग पडू शकतोच. लाटांसारखे पसरट खड्डे आतल्या दोऱ्यांनी खाली ओढलेले असतात; ते सुईने सोडवावे लागतात. उथळ कडांचे असतील तरच मीडियम पीलने थोडे बुजतात. म्हणजे तुमच्या गालावर कोणते खड्डे आहेत हे तिरक्या उजेडात बघितल्याशिवाय ‘दोन्ही एकदम निघेल’ असं सांगणं मला जमलं नसतं.

जाऊबाईंची शंका: पीलने कातडी पातळ होते का? नीट केलेल्या पीलने होत नाही. वरचा थर आठवड्याभरात पुन्हा बनतो आणि खालच्या थरात पुढचे तीनेक महिने नवं कोलॅजन भरत राहतं, त्यामुळे कातडी उलट जराशी भरीव होते. पण जाऊबाई अगदीच चूक नाहीत, त्यांनी बोट चुकीच्या वस्तूवर ठेवलंय. पातळ होते ती त्या ट्यूबने.

‘लावली की उजळतं, सोडली की लाल होतं’ हे वाक्य मी रोज ऐकते. अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. डॉक्टरच्या नजरेखाली काही आठवडे ते चांगलं औषध आहे. महिनोन्महिने स्वतःहून लावलं की कातडी झिजते, बारीक लाल शिरा दिसतात, मुरुम येतात, गालावर लव वाढते. अशा कातडीवर ३५ टक्के टीसीए किती खोल जाईल हे मलाही सांगता येणार नाही, आणि मुंबईच्या क्लिनिकने तुम्हाला ट्यूबबद्दल विचारलं नसेल तर त्यांनाही येणार नाही. आज हे वाचून ती एकदम बंदही करू नका. एकदम सोडली की चेहरा पेटतो आणि लग्नात तोच पेटलेला चेहरा न्यावा लागेल. त्वचारोगतज्ज्ञाकडून हळूहळू सोडवून घ्या.

समजा, सगळं तपासून पुढे कधी मीडियम पील करायचं ठरलंच. आमच्याकडे मी तुळशीचं लग्न लागल्यावरच तारीख देते आणि संक्रांतीपर्यंत थांबवते. हवा कोरडी, घाम कमी, आणि पुढे शिमग्याची पालखी दुपारच्या उन्हात नाचवायची वेळ येईपर्यंत कातडी मुरलेली असते. पावसाळ्यात ऊन कमी म्हणून काही डॉक्टर तेव्हा करतात. मला कोकणातला पाऊस नको वाटतो. ओला स्कार्फ, दमट उशी, दोन दिवस वीज नाही, आणि सोलवटलेल्या कातडीवर बुरशी.

आधी चार आठवडे तयारी: रात्री कमी ताकदीचं ट्रेटिनोइन, रंग कमी करणारं क्रीम, दिवसा सनस्क्रीन; ट्रेटिनोइन तीन-पाच दिवस आधी बंद. ही तयारी न करता पहिल्याच भेटीत मीडियम पील करणारा डॉक्टर मला पटत नाही. डॉक्टरने काही विचारायला हवं, नाही विचारलं तर तुम्ही सांगा. तापानंतर ओठावर पुळ्यांचा झुबका उठतो का? तो हर्पीस, पीलनंतर सगळ्या चेहऱ्यावर पसरू शकतो, म्हणून विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेतलं होतं का? हलक्या पीलसाठी आता तेवढं थांबवत नाहीत, मीडियमसाठी मी सहा महिने जाऊ देते. छातीवर, खांद्यावर व्रण फुगून वर येतात का? दिवस गेलेत किंवा बाळ अंगावर पितंय का? मग पील पुढे ढकला. आणि हो, मिश्री लावता का? हसू नका, तंबाखूने जखम उशिरा भरते, आणि हे कोणी आपणहून सांगत नाही.

पील झाल्यावर काम एकच, चेहरा ओलसर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. दिवसातून दोन-तीनदा उकळून गार केलेल्या पाण्याच्या घड्या, हलकेच टिपून वर साधं व्हॅसलीन. लोंबणारा पापुद्रा कात्रीने कापा, ओढू नका. ओढलेल्या जागी डाग ठरलेला. घरचं भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) लावू का, हे मला सिंधुदुर्गातल्या प्रत्येक पेशंटने विचारलंय. टाचांच्या भेगांना जरूर लावा, पण सोललेल्या चेहऱ्यावर पहिले दोन आठवडे घरात घोटलेलं काहीही नको. हळद, लिंबू, बेसन, कोरफड, काहीच नको. उकडीच्या मोदकांच्या वाफेसमोरही उभं राहू नका.

आणि काही दिसलं तर त्याच दिवशी फोन. दुखत असलेल्या बारीक, एकसारख्या फोडांचा झुबका. पिवळा-हिरवा चिकट स्राव किंवा ताप. दहा-बारा दिवसांनीही न भरलेली जागा. तीन आठवड्यांनंतर एकाच जागी टिकलेली, खाजणारी, हाताला जाड लागणारी लाली. शेवटची सर्वांत फसवी, कारण दुखत नाही, आणि व्रण तिथूनच सुरू होतो. वेळेत दाखवली तर बहुधा थांबवता येते. पांढरे मोहरीएवढे दाणे किंवा थोडे मुरुम मात्र बऱ्याच जणींना येतात, त्याची काळजी नको.

लग्नासाठी आता इतकंच करा. सनस्क्रीन आजपासून, सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर. शेवटच्या आठवड्यात फेशियल नको, ब्लीच तर नकोच. वांग झाकायला पिवळसर-नारिंगी कन्सीलर चांगला चालतो, पार्लरवालीला आधी एकदा करून बघायला सांगा. हळद बिनधास्त खेळा, फक्त ट्यूबने लाल झालेला भाग वगळून.

पाऊस लागला की कणकवली, कुडाळ, रत्नागिरी, कोल्हापूर, जिथे तुम्हाला पुन्हा पुन्हा जाता येईल अशा ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. येताना ती ट्यूब घेऊन या. संपली असेल तर रिकामी, चेपलेली आणा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, चेहऱ्याकडे बघण्याआधी ते वाचायचे असतात.